खेळातल्या बंदुकांचा दर कसा ठरतो?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी कशावर तरी बोलू. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आम्ही जो विषय सांगितला तो ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तुम्ही हे खेळता?" खेळत नाही. आमची बोटे त्या कामाची राहिलेली नाहीत. परंतु ज्यांना कारखान्याचा दर ठरविताना पाहावे लागते, त्यांना या खेळाच्या पोटात काय चालले आहे ते समजायला फार वेळ लागत नाही, एवढे मात्र आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

आमचा मुक्काम जुईनगरचा. ठाण्याहून येणारी लोकल आणि मुंबईहून पनवेलकडे जाणारी लोकल जिथे एका रुळाला लागतात, ते हे स्टेशन. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तुर्भे-पावण्याकडून येणारी माणसे इथे उतरतात आणि त्यांची मुले बाहेरच्या कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली असतात. चार मुले, चार मोबाईल, आणि चौघे मिळून कुठल्या तरी दूरच्या चौघांशी लढत असतात. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा त्यांच्यात असतो. एका संध्याकाळी तो रागाने मोबाईल मांडीवर आपटून म्हणाला, "काका, ही गन ओपी आहे. हे बरोबर नाही!"

आम्ही हसलो. 'हरला म्हणून रडतो आहे' असे मनात म्हटले. पण त्याने पुढे जे सांगितले त्याने आमचे हसू थांबले. तो म्हणाला, "मी हरलो त्याचं काही नाही. पण आता सगळे तीच गन घेतात. दुसरी कोणी घेतच नाही. मग बाकीच्या गन ठेवल्या कशाला?" हा रडण्याचा सूर नव्हता, ही तक्रार होती आणि तिला कारण जोडलेले होते. युनियनच्या कचेरीत अशी तक्रार आली असती, तर आम्ही ती वहीत उतरवून घेतली असती.

समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे

'ओपी' म्हणजे ज्याचे बळ प्रमाणाबाहेर गेले आहे असे शस्त्र. ते बळ उतरविणे याला ही मुले 'नर्फ' म्हणतात. अमेरिकेत नर्फ नावाच्या फोमच्या खेळण्यातल्या बंदुका मिळतात. खऱ्या बंदुकीचे असे खेळणे करून टाकले, असा त्यातला टोमणा आहे. उलट एखाद्या दुबळ्या शस्त्राचे बळ वाढविले की तो झाला 'बफ'. ही चढउतार सतत चालू ठेवून सर्व शस्त्रांना खेळात जागा राहील असे करणे, याचे नाव समतोल.

काही लोक विचारतील, एवढा खटाटोप कशाला? सर्वांना एकच बंदूक द्या, म्हणजे भांडण मिटले. भांडण मिटेल हे खरे, पण खेळही मिटेल. बुद्धिबळात घोडा आणि उंट सारखे नाहीत. घोडा अडीच घरे चालतो, मधल्या मोहऱ्यावरून उडी मारतो. उंट लांब धावतो, पण जन्मभर एकाच रंगाच्या घरांत राहतो. दोघांची किंमत जवळजवळ एक आणि स्वभाव मात्र निराळे, म्हणून पटावर विचार करावा लागतो. सगळी प्यादीच असती तर विचार करण्याजोगे फारसे काही उरले नसते.

आपल्या कबड्डीचेच पाहा. चढाई करणारा एकटा आणि समोर सात जण, ही लढत वरवर विषम आहे. म्हणून नियमांनी ती तोलली आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच चढाईपटूला बोनस रेषेचा गुण मिळतो, कारण तेव्हा त्याचा धोका मोठा असतो. उलट मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर त्यांना एक गुण जास्त मिळतो. त्याला 'सुपर टॅकल' म्हणतात. दुबळ्या बाजूला दान म्हणून हा गुण दिलेला नाही. तिने पत्करलेल्या धोक्याचा तो मोबदला आहे. हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण बंदुकांच्या खेळात सगळे याच तत्त्वावर उभे आहे.

एका गुणाची गोष्ट

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक'चे घेऊ. हा खेळ १९९९ साली एका दुसऱ्या खेळात बदल करून दोघा तरुणांनी हौसेने बनविला आणि पुढे त्याची अनेक रूपे निघाली. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या सायबर कॅफेंतून तो तासाच्या भाड्याने खेळला जात असे. त्यात प्रत्येक खेळाडूपाशी १०० गुणांचा प्राण असतो. हल्ला करणाऱ्या पक्षाला एके-४७ ही बंदूक मिळते आणि बचाव करणाऱ्यांना एम४.

एके-४७ च्या एका गोळीने ३६ गुण जातात आणि ती मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला १०. एम४ च्या एका जातीच्या गोळीने ३३ गुण जातात, पण ती मिनिटाला ६६६ गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला सुमारे ११. समोरच्याने चिलखत घातलेले नाही, तो अगदी जवळ आहे आणि प्रत्येक गोळी छातीवर बसते, असे धरू. सेकंदाला होणारी हानी काढली तर ३६ गुणिले १० म्हणजे ३६०, आणि ३३ गुणिले ११.१ म्हणजे सुमारे ३६६. तेव्हा कागदावर एम४ किंचित वरचढ दिसते.

पण माणूस सेकंदाच्या हिशेबाने पडत नाही, गोळीच्या हिशेबाने पडतो. एके-४७ च्या तीन गोळ्या म्हणजे १०८, काम झाले. पहिली गोळी सुटल्यापासून तिसरी सुटेपर्यंत ०.२ सेकंद लागतात. एम४ च्या तीन गोळ्या म्हणजे ९९. एक गुण उरला! त्या एका गुणासाठी चौथी गोळी झाडावी लागते आणि वेळ जातो ०.२७ सेकंद. कागदावर वरचढ असलेली बंदूक प्रत्यक्षात मागे पडली.

आता समजा, कोणी म्हणाले, 'एम४ ला फक्त एक गुण वाढवून द्या, ३३ चे ३४ करा.' मागणी किती लहान वाटते! पण ३४ गुणिले ३ म्हणजे १०२. चौथ्या गोळीची गरज संपली, वेळ ०.१८ सेकंदांवर आला आणि मागे असलेली बंदूक एका गुणाने पुढे गेली. उलट एके-४७ चे ३६ वरून ४० करा, ४५ करा, ४९ करा. या जागी तिळमात्र फरक पडत नाही, कारण गोळ्या तीनच लागतात. ५० केले की मात्र दोनच पुरतात. म्हणजे वाढ मोठी दिसते आणि काही होत नाही; वाढ नगण्य दिसते आणि सगळे उलटेपालटे होते. परिणाम उतारासारखा हळूहळू होत नाही, तो जिन्याच्या पायरीसारखा होतो.

हा हिशेब त्या मुलाने कट्ट्यावर बसून आम्हाला समजावून दिला आणि तो ऐकताना आम्हाला घाम फुटला. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

आमची चूक

पुष्कळ वर्षांपूर्वी पट्ट्यातल्या एका कारखान्यात आम्ही उत्पादन बोनसचा करार केला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चूक आमचीही होती. करार असा की, पॅकिंग खात्यात तासाला ४० पेट्या भरणाऱ्याला बोनस. ४० च्या खाली काही नाही. आम्ही सरासरी काढली होती. सरासरी ४० च्या वर येत होती. आम्ही सही केली, गेटवर सभा घेतली, पेढे वाटले.

त्या खात्यात एक गडी होता. वय झालेले, गुडघा दुखावलेला, पण हात स्वच्छ. त्याच्या ३८-३९ पेट्या होत. चाळिसावी कधी होत नसे. महिन्याअखेरीस तरण्या पोरांच्या हातात बोनस पडला आणि त्याच्या हातात काही नाही. त्याने तक्रार केली नाही. त्याने दुपारची सुट्टी अर्धी केली, पाणी पिण्यास जाणे सोडले आणि तिसऱ्या महिन्यात तो चक्कर येऊन पडला. मग त्याच्या मुलाने कचेरीत येऊन आम्हाला विचारले, "साहेब, एकोणचाळीस पेट्या भरणाऱ्यानं काय कमी काम केलं होतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या करारात आम्ही पेटीगणिक दर मागून घेतला. पण त्या माणसाचा गुडघा त्यामुळे परत आला नाही.

तेव्हा आम्ही सरासरीकडे पाहिले होते, पायरीकडे पाहिले नव्हते. तीच गोष्ट पंधरा वर्षांचा मुलगा बंदुकीच्या खेळावरून शिकलेला पाहून, त्याला हसल्याबद्दल आम्हाला लाज वाटली.

बळ न उतरविता तोल साधणे

आता पुढे जाऊ. शस्त्र प्रबळ झाले की त्याची हानी कमी करणे हा एकच उपाय आहे, असे नव्हे. हानी हा तर सर्वांत अवघड उपाय, कारण तो पायरीवरून चालतो. आणखी कितीतरी कळा कारागिराच्या हाती असतात. गोळी झाडल्यावर बंदूक किती उसळते, नेम किती फाकतो, गोळ्यांची पेटी केवढी, ती बदलायला किती वेळ लागतो, बंदूक हातात असताना पळता किती येते, लांबवर हानी किती घटते, आणि तिची किंमत काय.

काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपी नावाची दुर्बिणीची बंदूक आहे. छातीवर बसलेल्या तिच्या एका गोळीत माणूस पडतो. हे तिचे वैशिष्ट्यच काढून घेतले, तर ती बंदूक उरणार नाही. म्हणून तिला ओझे लावले आहे. ती खेळातल्या ४७५० डॉलरना मिळते. एके-४७ मिळते २७०० ला. ती घेऊन चालणे मंद होते, आणि एक गोळी झाडली की दुसरी झाडण्यापूर्वी थांबावे लागते. शत्रू पाडल्यावर साध्या रायफलीला ३०० डॉलर बक्षीस असते, हिला १००. शॉटगनसारख्या जवळून वापरायच्या बंदुकीला ९०० मिळतात आणि सुरीने पाडल्यास १५००. धोका जितका अधिक तितके बक्षीस अधिक, हे कबड्डीचेच तत्त्व. एवढे करूनही ती भारी पडते असे दिसल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या पेटीतल्या गोळ्या १० वरून ५ करण्यात आल्या. गोळीचे बळ तेच राहिले, पण चुकण्याची मोकळीक निम्मी झाली. ज्याचा नेम खरा आहे त्याचे फारसे नुकसान नाही आणि अंदाधुंद झाडणाऱ्याला मात्र आळा बसला. यालाच आम्ही जाणकार कारागिरी म्हणतो.

'बीजीएमआय'सारख्या खेळात, जिथे शंभर माणसे एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत उरेल तो जिंकतो, तिथला हिशेब निराळा. तिथे दुर्मिळता हीच किंमत. सर्वांत जबर दुर्बिणीची बंदूक सहसा घरांतून सापडत नाही. ती बहुधा विमानातून पडणाऱ्या पेटीत मिळते. ती पेटी धूर सोडत उतरते, आसपासच्या सर्वांना दिसते आणि ती घ्यायला जाणाऱ्याला जीव धोक्यात घालावा लागतो.

कोणी म्हणेल, हा दर ठरविण्याचा उपद्व्याप कशाला? बाजारावर सोडा. हाही प्रयोग होऊन गेला आहे. २००६ साली काउंटर-स्ट्राइकच्या एका आवृत्तीत असे ठरविले की, जगभरचे खेळाडू जी बंदूक अधिक घेतील तिची किंमत आपोआप वाढेल आणि जिला मागणी नाही तिची उतरेल. दर आठवड्याला भाव फिरतील. झाले असे की, डेझर्ट ईगल नावाच्या लोकप्रिय पिस्तुलाचा भाव अतोनात चढला आणि नावडत्या बंदुका मातीमोल झाल्या. पण नवा दर खेळाला मानवतो काय, हे बाजार पाहत नव्हता. तो फक्त किती जणांनी घेतले ते मोजत होता. लोक एखादी वस्तू ती बलवान आहे म्हणून घेतात, तशीच ती सवयीची आहे म्हणूनही घेतात. नुसत्या मागणीवरून हा भेद कळत नाही. पुढे तो प्रयोग बाजूला पडला आणि दर पुन्हा माणसांनी ठरवू लागले.

विचारायचे कोणाला?

येथेच सर्वांत कठीण प्रश्न येतो. तोल बिघडला हे ओळखायचे कसे? कंपनीपाशी आकड्यांचा डोंगर असतो: कोणती बंदूक किती जणांनी घेतली, ती घेऊन किती जण जिंकले. पण आकडे वाचायलाही शहाणपण लागते. एखादी बंदूक नवशिक्याच्या हातात जबर ठरते, कारण तिला नेमाची गरज कमी. आणि तीच कसलेल्या खेळाडूपुढे निकामी ठरते. दुसरी बंदूक उस्तादाच्या हातात काळ होते आणि नवशिक्याला ओझे. दोघांची सरासरी काढली, तर दोन्ही बंदुका ठीक दिसतील आणि दोघेही खेळाडू दुःखी असतील. सरासरी माणसाला लपविते, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

'कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन' या खेळात डिसेंबर २०२० मध्ये डीएमआर-१४ नावाची रायफल आली आणि थोड्याच दिवसांत जो तो तीच घेऊ लागला. जानेवारी २०२१ मध्ये तिचे बळ उतरविले. ते पुरेसे झाले नाही, पुन्हा उतरवावे लागले. हा खेळ सांभाळणाऱ्यांत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातली रेव्हन सॉफ्टवेअर ही कंपनी आहे. तिथे खेळ तपासण्याचे काम करणारी माणसे असतात. दिवसभर तोच खेळ खेळायचा, तीच भिंत, तीच बंदूक, आणि कुठे काय चुकते ते टिपून ठेवायचे. ऐकायला गंमत, करायला हमाली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यातल्या काही कंत्राटी तपासनिसांना कामावरून कमी करण्याचे ठरले, तेव्हा सहकाऱ्यांनी काम बंद केले. मे २०२२ मध्ये त्यांनी गुप्त मतदान करून १९ विरुद्ध ३ मतांनी आपली युनियन मान्य करून घेतली. तिचे नाव गेम वर्कर्स अलायन्स. ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला कळले की, त्या मोबाईलच्या काचेमागेही आमचेच लोक आहेत. बंदूक जड झाली हे आधी ज्याच्या बोटाला कळते, त्याची नोकरीच टिकत नसेल तर तोल सांभाळणार कोण?

हे काम आता आपल्याकडेही होते. पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा शेवटपर्यंत उरण्याच्या जातीचा खेळ बाजारात आणला. पुण्याच्याच डॉट९ गेम्सने बनविलेला 'फौजी : डॉमिनेशन' जानेवारी २०२५ मध्ये आला. म्हणजे बंदुकीचा दर ठरविणारी टेबले आता आपल्या घाटावर मांडलेली आहेत आणि उद्या जुईनगरची मुलगी किंवा मुलगा त्या टेबलाशी बसेल. त्याने तिथे कोणते हिशेब शिकून जावे, हा आपला प्रश्न आहे.

एका बाबतीत मात्र खेळाच्या कंपन्यांचे कौतुक केले पाहिजे. बदल केला की त्या लेखी जाहीर करतात: अमुक बंदुकीचे इतके होते, इतके केले. कामगारांना अशी नोटीस मिळावी म्हणून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ घालावे लागले. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस त्यात होती, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद ठेवलेली आहे. फरक एवढाच की, आमची नोटीस बदलाच्या आधीची आहे, त्यांचा कागद बहुधा बदलाबरोबर येतो.

तराजूबाहेरचे वजन

इतके सारे केले तरी एक वजन तराजूबाहेर राहते. बंदूक दोघांची एकच, पण एकाचा मोबाईल सेकंदाला ९० चित्रे दाखवितो आणि दुसऱ्याचा ३० वर अडखळतो. एकाच्या घरी वायफाय, दुसरा स्टेशनच्या कट्ट्यावर आईच्या मोबाईलवर. संगणकावरून खेळणाऱ्यांना बीजीएमआयच्या जातीच्या खेळात मोबाईलवाल्यांपासून निराळे बसवितात, ते याच न्यायाने. पण स्वस्त आणि महाग मोबाईल यांत तशी भिंत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पैसे देऊन बळ विकत घेणे. बंदुकीला नुसता रंग चढवून विकला, तर हौसेला मोल नसते म्हणून सोडून देऊ. पण 'फ्री फायर'च्या जातीच्या खेळात बंदुकीच्या विकत मिळणाऱ्या काही वेष्टनांबरोबर हानी किंवा वेगही थोडा वाढतो. थोडाच, असे म्हणतात. परंतु ३३ चे ३४ होणे म्हणजे काय, ते आता आपण सर्व जाणता. पालकांनी मुलाला 'खेळू नको' एवढेच न सांगता, 'यात पैशाने बळ मिळते का?' हे विचारावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळण्याच्या खेळांना त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण बंदुकीच्या वेष्टनाबरोबर बळ विकावे काय, हा प्रश्न त्या कायद्याने सुटलेला नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

शेवटी एक शंका रास्त आहे: मुलांनी बंदुकांचा विचार तरी का करावा? रात्र-रात्र जागून, अभ्यास बुडवून खेळण्याची बाजू आम्ही घेत नाही. तो मुलगाही दहाला घरी जातो, कारण आई मोबाईल परत मागते. पण हत्ती, घोडे, वजीर मारीत मारीत आपल्या पूर्वजांनी पटावर विचार करणे शिकलेच ना? खेळ कशाचा आहे यापेक्षा, त्यातला नियम मुलाला तपासता येतो की नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

मागल्या महिन्यात त्याच्या आवडीच्या खेळात बदल आला. ती 'ओपी' बंदूक उतरविली गेली. आम्ही कट्ट्यावर त्याला म्हणालो, "चला, तुझी मागणी मान्य झाली." तो म्हणाला, "नाही काका. डॅमेज कमी केलं, पण गोळ्या अजून तेवढ्याच लागतात. मी मोजलं." आणि त्याने वहीचे पान दाखविले. गोळ्या, प्राण, वेळ. तीन रकाने, स्वच्छ अक्षरात. आमच्या त्या बोनसच्या करारावर सही करण्यापूर्वी आमच्यापाशी असे एक पान असते तर! ते पान आम्ही त्याच्याकडून मागून घेतले आहे, आणि हल्ली पगारवाढीच्या बोलणीस बसण्यापूर्वी तसेच तीन रकाने आखून, सर्वांत कमी पेट्या भरणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत लिहितो.